उम्म हमराचा गेरू

४ शव्वाल १३२४

शेखचं पत्र आज सगळ्यांसमोर वाचलं. एकट्या दादाला वाचून दाखवायला हवं होतं! पण गलबतवाल्याने किनाऱ्यावरूनच आरोळी ठोकली — "शेख मतरचं पत्र! मुतव्वाला बोलवा!" — आणि अर्धं बेट जमलं. बाबांच्या मागे इथे वाचता येणारी मी एकटी. पोरींना कुराण शिकवते म्हणून मुतव्वा, आणि कागद आला की सगळ्यांची जीभ मीच.

पत्र छोटं होतं. शेख लिहितो — उम्म हमरा बेटाचा गेरू माझा. तो खणायचा हक्क मी इथल्या, रास घाफच्या, तिघा भागीदारांना दिला होता. त्यातल्या हसनने तो मला न विचारता लिंगा बंदरातल्या जर्मनांना विकला. खोदकाम ताबडतोब बंद करा.

दादा बेटाचा अमीर, म्हणजे शेखचा माणूस. तो म्हणाला, "ऐकलंत? बंद."

"आणि खायचं काय, अमीर? खडक?" हा थानी. माझाच नवरा! खणणाऱ्यांचा मुकादम. सगळे हसले. दादाही हसला. मोती काढायचा हंगाम उन्हाळ्यात, तोवर चाळीस माणसं करणार काय? आणि थानी तर उन्हाळ्यातही बुडी मारू शकत नाही. त्याचा डावा कान फुटून दोन वर्षं झाली.

दुपारी टेकडीवर पहारींचा आवाज पुन्हा सुरू झाला. दादा ऐकत बसला.

६ शव्वाल

जुम्म्याच्या नमाजानंतर जर्मन घरी आला. हेर लिंडाउ. लाल दाढी, आता कपडेही लाल. त्याची अरबी बसऱ्याच्या बाजारातली — मला 'तू आलास' म्हणतो, थानीला 'तू आलीस'. थानी मुद्दाम लाजून दाखवतो.

पेटीतून शेखचा मूळ परवाना काढला. मोहर खरी आहे, मी ओळखते.

"मुतव्वा, तू मोठ्याने वाच. जे लिहिलंय तेवढंच वाच. म्हणजे झालं."

वाचलं. परक्याला विकू नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. "बघा!" म्हणून त्याने मांडीवर थाप मारली. पण विकावं असंही कुठे लिहिलेलं नाही. ते मी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग कावा, आमची काळी कॉफी, प्यायला, तीन पेले, आणि म्हणाला की त्याच्या बादशहाच्या राजधानीत आमच्या बेटाबद्दल कागद गेलेत. लंडनमध्येही गेलेत.

ज्या बेटावर गोड्या पाण्याची धड एक विहीर नाही, त्याच्याबद्दल! थानीला केवढा अभिमान वाटला. मला नाही.

१३ शव्वाल

इंग्रजांचं तोफांचं जहाज दिसलं. नुसताच धूर. थांबलं नाही.

१९ शव्वाल

आज बालयूजचा वकील उतरला. बूशहरला इंग्रजांचा जो बडा साहेब बसतो तो बालयूज, आणि आमच्या किनाऱ्यावर त्याचे डोळे-कान म्हणजे हा हाजी याकूब. आमच्यासारखाच अरब, आमच्यासारखाच नमाजी. पण पांढऱ्याशुभ्र कपड्यांना गेरू लागू नये म्हणून दोन्ही हातांनी घोळ उचलून चालत होता. छत्री धरायला वेगळा माणूस.

दादाच्या अंगणात बसला. आम्ही बायका पडद्यामागे.

"अमीर, शेखचा हुकूम येऊन पंधरा दिवस झाले. मला अजून पहारी ऐकू येताहेत."

"मी सांगितलं त्यांना. पोट ऐकत नाही."

"जर्मन आज गेरू नेतील. उद्या कोळसा ठेवायला जागा मागतील. परवा झेंडा लावतील. समुद्र इंग्रजांचा आहे, अमीर. बेट कुणाचं ते मागाहून बघता येईल."

थानीला कुणी बोलायला सांगितलं होतं? दारातूनच म्हणाला, "मग समुद्रातच खणा की!"

काय हसले सगळे! छत्रीवालासुद्धा हसला. हाजी नाही हसला. शांतपणे विचारलं, "नाव काय तुझं?"

"थानी बिन मुबारक."

हाजीने मान हलवली. लिहून घेतलं नाही काही. लिहून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

२ जिल्काद

झेंडा लागला. लिंडाउच्या खोपटावर, सगळ्या बेटाला दिसेल असा. काळा-पांढरा-लाल. आणि काठी कुणी रोवली? माझ्या नवऱ्याने!

"कापड आहे नुसतं," म्हणाला.

"मग काढ."

"आता काढलं तर माणसं म्हणतील, थानी घाबरला."

"माझ्यासाठी घाबर ना एकदा!"

तो उजवा कान माझ्याकडे करून म्हणाला, "काय म्हणालीस, मुतव्वाबाई?" ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.

९ जिल्काद

विहिरीचं पाणी लाल यायला लागलं. भाकरी लाल, शेळ्यांचं दूध लालसर. पोरींच्या पाट्या पुसल्या तरी लाल. किनाऱ्याला लाटा फुटतात तिथला फेस बघवत नाही.

२० जिल्काद

दोन दिवस तोफांचं जहाज इथेच उभं होतं. कुणी उतरलं नाही. छोट्या होडीत बसून त्यांनी चारी बाजूंनी पाण्याची खोली मोजली. शिसं बांधलेली दोरी सोडायची, ओढायची, वहीत लिहायचं. मग एक गोरा पोहायला उतरला, खूप वेळ पोहला. आम्ही सगळे टेकडीवरून बघत राहिलो. त्याने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

जहाज कलतं तेव्हा पाण्याखालचा भाग दिसतो. लालभडक. लिंडाउ म्हणाला, जहाजांच्या तळाला जो रंग देतात तो गेरूचाच. विलायतेतली निम्मी जहाजं आपल्या असल्या मातीवर तरंगतात. थानी पोट धरून हसला — "म्हणजे आमच्यावर तोफ रोखणारा आमचाच गेरू फासून आलाय!"

त्याला सगळ्यात हसू सापडतं. त्यासाठीच मी त्याच्याशी निकाह केला होता. आता त्याच हसण्याची भीती वाटते.

२४ जिल्काद

आजचं लिहिते. कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी हाजी याकूबचं गलबत आलं. हाजी उतरला नाही. दादाला बोलावणं आलं, तो होडीने गेला. बराच वेळ गलबतावर होता. परत आला तो थेट माझ्याकडे. पोरी पाठ म्हणत होत्या, त्यांना म्हणाला, "जा खेळा." मग शेखच्या मोहरेचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"वाच, कलथम."

मी वाचायला लागले. सलाम-दुआ. मग खोदकाम बंद करा. झेंडा उतरवा. मग —

पुढची ओळ डोळ्यांनी वाचली. तोंडाने नाही वाचली.

जशी होती तशी इथे लिहिते. "झेंडा लावणारा थानी बिन मुबारक याला बेड्या घालून दहा दिवसांत आमच्या किल्ल्यात पाठव. तो आला तर बेटावर कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. न आला तर आम्ही बंदुकांनिशी येऊ आणि त्याचा जाब तुला द्यावा लागेल."

श्वास घ्यायला थांबले तेवढाच वेळ. मग शेवटची दुआ वाचली आणि कागद खाली ठेवला.

"एवढंच?" दादाने विचारलं.

"एवढंच."

दादाने घडी घालून पत्र कमरेला खोचलं. "बरं," म्हणाला. मग, "कावा आहे का गं?"

मी कावा दिला. तो प्यायला. माझ्या हाताने उकळलेला कावा माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासमोर बसून प्यायला, आणि मी त्याला सांगितलं नाही.

२५ जिल्काद

गेल्या साली सुहैलला किल्ल्यात नेलं होतं, कशावरून ते आता कुणाला आठवतही नाही. परत आला तो चौघांच्या खांद्यावर. त्याच्या घोट्यांना किडे झाले होते. त्याच्या बायकोने मला सांगितलंय, काय काय धुवावं लागलं ते.

मी थानीला तिथे पाठवणारा कागद वाचायचा? माझ्याच तोंडाने?

आणि दादाने हुकूम मोडला नसता. कधीच मोडला नसता. रडत रडत त्याने थानीला बेड्या घातल्या असत्या.

दादाला काही होणार नाही. तो आणि शेख एकाच बाईचं दूध प्यालेत, दूधभाऊ आहेत. शेख दादाला काय करणार? रागावेल. दोन शब्द बोलेल. बस्स. आणि बंदुकांनिशी येऊ म्हणजे काय, सगळेच शेख असं लिहितात. मी शंभर पत्रं वाचलीत असली.

हे सगळं मी स्वतःला सकाळपासून चार वेळा सांगितलंय.

२८ जिल्काद

थानीला इथून काढायला हवं. लिंडाउचं गलबत दोन दिवसांनी लिंगाला जाणार. तिथे बसऱ्याहून आलेला हकीम आहे, कान बघतो.

"दोन वर्षांनी आठवला होय तुला माझा कान?"

"रात्रंदिवस आठवतो. तुझ्याशी बोलून बोलून माझा घसा बसलाय."

हसला. मग माझ्याकडे जरा नीट बघितलं. "काय झालंय, कलथम?"

"काही नाही. जा तू. ईदपर्यंत ये."

त्याला सांगितलं असतं तर तो गेलाच नसता. छाती काढून किनाऱ्यावर उभा राहिला असता, या म्हणाला असता.

१ जिल्हज

गेला. किनाऱ्यावरून ओरडून म्हणाला, "परत आल्यावर हळू बोललीस तरी चालेल!"

लिंडाउही त्याच गलबताने गेला. बूशहरला जाऊन बादशहाला तार करतो म्हणाला, आठवड्यात येतो. पेट्या नेल्या, दुर्बीण नेली. पलंगसुद्धा नेला. तार करायला पलंग लागतो?

झेंडा मात्र इथेच. माणसं अजून खणताहेत. लिंडाउ सांगून गेलाय, बादशहाचं जहाज निघालंय म्हणून.

४ जिल्हज

दहावा दिवस.

समुद्र रिकामा. दादाकडे गेले. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. तो ईदसाठी राखलेल्या बोकडाचे खूर साफ करत होता.

"दादा, मला काही बोलायचंय."

"ईद झाली की बोल."

"महत्त्वाचं आहे."

"म्हणून तर म्हणतो, ईद झाली की बोल." वर बघितलं नाही. "थानी बरा पोहोचला ना?"

"पोहोचला असेल."

"हकीम चांगला आहे तो. जरा जास्त दिवस राहू दे तिथे."

मी परत आले. भित्री! नुसती भित्री!

६ जिल्हज

आले ते.

सकाळचं ऊन वर आलं होतं. पोरी ओळीने बसल्या होत्या. आधी धूर दिसला, मग जहाज, आणि जहाजाच्या मागे अकरा होड्या. प्रत्येक होडी बंदुकवाल्यांनी भरलेली. रास घाफचीच माणसं. दोघे-तिघे माझ्या ओळखीचे निघाले. एकाच्या बहिणीला मी वाचायला शिकवलंय.

जहाजाने एकच तोफ डागली, टेकडीच्या रिकाम्या बाजूला. लाल धूळ उडाली ती एवढी वर गेली की थोडा वेळ सूर्य दिसेना. सगळ्यांच्या अंगावर पडली. पोरी किंचाळत माझ्या कुशीत शिरल्या.

आमच्याकडून कुणी हात उचलला नाही. उचलणार काय, फावडी? चाळीस माणसं टेकडीवरून हात वर करून उतरली. दोघा-दोघांना दोरीने बांधून होड्यांत बसवलं. पहारी, फावडी, ढकलगाड्या समुद्रात. खोपटं पेटवली. झेंडा कुणीतरी काढून घडी घालून हाजी याकूबकडे दिला. हाजीने तो दोन बोटांनी धरला. एकही इंग्रज पाय भिजवायला उतरला नाही. जहाज नुसतं उभं.

हाजीने दादाला विचारलं, "थानी कुठे आहे?"

"बेटावर नाही."

"कुणी जाऊ दिलं?"

"मी."

"अमीर! शेखचं पत्र विसरलास?"

मी पडदा सोडून पुढे आले. सगळ्या पुरुषांमध्ये. बुरख्याआडून म्हणाले, "हाजी, ते पत्र —"

"घरात जा!" दादा. एवढ्या जोराने की शेजारच्या शेळ्या उधळल्या. "पुरुषांच्या बोलण्यात बायकांचं काय काम? घरात जा, कलथम!"

जन्मात कधी तो माझ्यावर ओरडला नव्हता. बाबा मारायला उठले की तो मध्ये पडायचा. त्याच्या बायकोने मला दंडाला धरून आत ओढलं.

आतून ऐकलं. दादा म्हणाला, "पत्र मिळालं होतं. मानलं नाही."

का म्हणाला असं? माहीत नाही म्हणायचं! बहिणीने वाचलं त्यात हे नव्हतं, म्हणून सांगायचं! त्याला वाटलं असेल, खोदकाम थांबवलं नाही म्हणून विचारताहेत. तेच असणार.

थानीसाठी आणलेल्या बेड्या दादाला घातल्या. थानी आडव्या हाडाचा. दादाच्या घोट्यांवर त्या सैल पडत होत्या, चालताना खालीवर होत होत्या. होडीत चढताना त्याने त्या हाताने वर धरल्या, हाजी कपडे धरतो तशा.

मागे वळून बघितलं नाही त्याने.

१० जिल्हज

ईद. बेटावर बायका, पोरी आणि पाच म्हातारे. बोकड तसाच बांधलेला आहे.

१७ जिल्हज

पहारींचा आवाज नाही. इतके दिवस डोकं उठायचं त्याने. आता डोक्यात नुसता समुद्र.

वहिनी माझ्याशी बोलते, नेहमीसारखी. भाकरी देते. तिला काही माहीत नाही. कालपर्यंत वाटत होतं, सांगून टाकावं. आज तिने माझ्या केसांना तेल लावलं.

२२ जिल्हज

लिंगाहून मच्छीमार आले. थानी बरा आहे. कान थोडा सुधारला. आता बसऱ्याला जातोय, लिंडाउच्या ओळखीने गोदीत काम मिळतंय. मला नंतर बोलावून घेईल म्हणे. दादाचं त्याला कळलंय का, विचारलं. "कळलं," मच्छीमार म्हणाला. "खूप रडला. पण परत कसा येणार, मुतव्वा? आला तर त्यालाही धरतील."

खरं आहे. मीच तर घालवला त्याला.

आणखी एक बातमी. बूशहरला जर्मन आणि इंग्रज साहेब एका टेबलावर जेवले. हसत होते, एकमेकांना चिरूट देत होते. भरपाईचं बोलणं चाललंय. बादशहाचं जहाज निघालंच नव्हतं.

दादाबद्दल एवढंच — किल्ल्यात आहे, पायाला जखमा झाल्यात.

मी जाणार. शेखसमोर नेलं तर शेखसमोर, नाहीतर हाजीसमोर. सांगणार, माझा भाऊ निर्दोष आहे. ओळ मी गाळली. मला काय करायचं ते करा.

२७ जिल्हज

वाऱ्याने मच्छीमारांचं गलबत अडकलंय. रोज किनाऱ्यावर जाते. नाखवा म्हणतो, "मुतव्वा, वारा माझं ऐकत असता तर मी शेख झालो नसतो?"

३ मोहरम १३२५

रास घाफ. मावशीचं घर.

दादा गेला. मी उतरण्याच्या चार दिवस आधी. ताप. घोट्यांच्या जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. पुरूनही झालं. शेखने स्वतः जनाजाला खांदा दिला म्हणतात. आपल्या दूधभावाला!

६ मोहरम

हाजी याकूब भेटायला आला होता. पडद्यापलीकडे बसला. म्हणाला, "चांगला माणूस होता. एवढा हट्ट त्याने का केला, मला अजून कळत नाही."

मी सांगून टाकलं. सगळं. ती ओळ मी गाळली. दादाला माहीतच नव्हतं.

हाजी म्हणाला, "काय बोलतेस, बाई? पत्र तर मीच त्याला वाचून दाखवलं होतं. माझ्या गलबतावर बसून. दोनदा. दुसऱ्यांदा त्यानेच वाचायला लावलं."

म्हणजे मी वाचत होते तेव्हा दादाला ती ओळ पाठ होती.